कॅसेटमधून काढलेल्या फोटोत माणसं उभट का दिसतात?

कॅसेटवाला_पाचोरा

नमस्कार मंडळी. आजीचं प्रथम पुण्यस्मरण पुढच्या महिन्यात आहे. आजीला फोटोचा भारी कंटाळा. आधार कार्डावरचा सोडला तर एकटीचा धड फोटो नाही, गंधमुक्तीला तोच मोठा करून लावला होता. म्हणून काकांच्या लग्नाची २००४ ची मिनीडीव्ही कॅसेट (छोटी डिजिटल व्हिडिओ कॅसेट) फायरवायर केबलने कॉम्प्युटरवर उतरवली. हळदीच्या वेळी आजी ओसरीवर बसून गाणी म्हणतेय आणि मध्येच कॅमेऱ्याकडे बघून हसतेय. तेवढी एक फ्रेम मला हवी आहे.

व्हीएलसी प्लेअरमध्ये चालवलं की चेहरा बरोबर दिसतो. व्हर्च्युअलडब या व्हिडिओच्या सॉफ्टवेअरमधून तीच फ्रेम कॉपी करून फोटोशॉपात चिकटवली की उभट होतो. फार नाही, पण वडिलांनी बघताच "माय अशी नव्हती रे" म्हटलं.

दुसरं कोडं असं की रिसेप्शनचं शूटिंग दुसऱ्या कॅमेऱ्याने झालंय आणि त्यातून फ्रेम काढली तर माणसं पार उदबत्तीची काडी. दोन्ही फ्रेमचा आकार मात्र ७२० बाय ५७६ च दाखवतो. मग एकीकडे थोडं आणि एकीकडे इतकं का? शिवाय हात हलतोय तिथे कडेला दातेरी रेघा आहेत.

इथल्या एका स्टुडिओत दाखवलं, ते म्हणाले "१२ बाय १८ मध्ये ओढून देतो, कळणार नाही." कुठे आणि किती ओढायचं ते मला आधी समजून घ्यायचंय.

पुण्यात_अडकलेला_खान्देशी

ओढू नका भो, आजी शे, रबर नही.

धुळे_मिक्सिंग

व्हीएचएसच्या काळापासून लग्नाचं मिक्सिंग करतोय, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

तुमच्या कॅसेटवर पिक्सेल चौकोनी नाहीत. आपल्याकडची टीव्हीची पद्धत पाल. त्यात डीव्हीची फ्रेम ७२० आडवे आणि ५७६ उभे पिक्सेल अशी साठवतात. आता ७२० ला ५७६ ने भागा, १.२५ येतं. पण त्या काळच्या टीव्हीचा पडदा ४:३, म्हणजे १.३३. हा फरक भरून काढायला प्रत्येक पिक्सेल दाखवताना थोडा रुंद करायचा असतो. टीव्ही ते करायचा, व्हीएलसीही करतो, कारण व्हिडिओच्या फाइलमध्ये तशी खूण असते. व्हर्च्युअलडबमधून फ्रेम कॉपी केली की नुसते पिक्सेल येतात, खूण मागेच राहते. फोटोशॉप त्यांना चौकोनी समजून मांडतो, म्हणून चेहरा साधारण ६ टक्के बारीक.

तुमचं दुसरं कोडंही इथेच सुटतं. तो रिसेप्शनवाला कॅमेरा १६:९ मोडवर होता. त्यातही पिक्सेल ७२० बाय ५७६ च, रुंद चित्र दाबून त्यात बसवलेलं. दाखवताना ते ताणून १०२४ बाय ५७६ व्हायला हवं. तुम्ही न ताणता बघताय, म्हणून माणसं ३० टक्के बारीक.

थोडक्यात, हळदीची फ्रेम: उंची ५७६ तशीच, रुंदी ७६८. रिसेप्शनची फ्रेम: उंची ५७६ तशीच, रुंदी १०२४. दोन्हीकडे फक्त रुंदी वाढवायची. नुसत्या आकारावरून ४:३ की १६:९ हे कधीच कळत नाही, मूळ व्हिडिओ प्लेअरमध्ये लावून बघावंच लागतं.

रावेरची_लेक

दादा, एक विचारू? मी बऱ्याच ठिकाणी ७२० बाय ५४० करा असं वाचलंय. रुंदी तशीच ठेवून उंची कमी करायची. प्रमाण तेही ४:३ च येतं. मग ७६८ च का?

धुळे_मिक्सिंग

ताई, प्रमाण दोन्हीत बरोबर. पण या फ्रेमला ५४० करू नका, आणि कारण त्यांनी लिहिलेल्या दातेरी रेघांत आहे.

जुना व्हिडिओ इंटरलेस. सेकंदाला २५ फ्रेम, पण प्रत्येक फ्रेम दोन फील्डची: एका फील्डमध्ये एक सोडून एक ओळी, उरलेल्या दुसऱ्यात, आणि दोन्हींत १/५० सेकंदाचं अंतर. तेवढ्यात हात हलला की एका फील्डमध्ये हात इथे आणि दुसऱ्यात तिथे. संगणकावर दोन्ही एकदम दिसतात म्हणून दाते.

आता तुम्ही ५७६ ओळींच्या ५४० केल्या की शेजारशेजारच्या ओळी एकमेकांत मिसळतात. दोन फील्डचा खिमा. नंतर कुठलाही डीइंटरलेस (दाते घालवणारा) फिल्टर ते वेगळं करू शकत नाही. रुंदी ७२० ची ७६८ केली तर ओळीला हात लागत नाही, ५७६ च्या ५७६ जागच्या जागी. नंतर कोणी उंची बदललीच तर निदान डीइंटरलेस आधी झालेलं असावं.

तरीही माझी सवय: आधी डीइंटरलेस, मग रुंदी, मग बाकी सगळं.

रावेरची_लेक

हे पटलं. मी गिंप (फोटोशॉपसारखं फुकट सॉफ्टवेअर) वापरते, त्यातले टप्पे लिहून ठेवते, कुणाला लागले तर:

फिल्टर्समध्ये एन्हान्स, त्यात डीइंटरलेस. विषम ओळी ठेवायच्या की सम, दोन्ही करून बघायचं, ज्यात डोळे उघडे आणि चेहरा स्थिर ते ठेवायचं. मग इमेज मेन्यूतून स्केल इमेज. रुंदी-उंचीच्या मधली साखळी तोडायची, हे विसरलं की सगळं मुसळ केरात. रुंदी ७६८, उंची ५७६. इंटरपोलेशन क्युबिक किंवा नोहॅलो. जेपीजीत नाही, पीएनजीत सेव्ह करायचं.

फोटोशॉपात डीइंटरलेस फिल्टर मेन्यूत व्हिडिओखाली मिळतो.

जळगावचा_इंजिनिअर

७६८ बद्दल थोडं वेगळं मत आहे. तंतोतंत बघायला गेलं तर डीव्हीच्या ७२० पिक्सेलमध्ये ४:३ चित्र पूर्ण ७२० वर पसरलेलं नसतं.

ही ७२० ची भानगड १९८२ च्या सीसीआयआर ६०१ या डिजिटल व्हिडिओच्या मानकातली, पुढे त्यालाच आयटीयूचं बीटी ६०१ म्हणू लागले. सॅम्पलिंग १३.५ मेगाहर्ट्झ, म्हणजे सेकंदाला १ कोटी ३५ लाख नमुने. पालच्या एका ओळीत खरं चित्र ५२ मायक्रोसेकंदांचं. दोन्हींचा गुणाकार ७०२. म्हणजे ४:३ चा पडदा ७०२ पिक्सेलमध्येच भरतो, दोन्ही कडांचे उरलेले पिक्सेल म्हणजे सोय म्हणून ठेवलेला काठ. त्यामुळे एका पिक्सेलची रुंदी (उंची १ धरून) १.०६७, म्हणजे ७६८ भागिले ७२०, नाही, साधारण १.०९४ येते. त्या हिशोबाने अख्खी ७२० ची फ्रेम ७८८ बाय ५७६ व्हायला हवी. अडोबीने (फोटोशॉपवाली कंपनी) सीएस४ आवृत्तीपासून पाल डीव्हीसाठी हाच १.०९ चा आकडा घेतलाय, त्याआधी १.०६७ होता. म्हणूनच जुन्या आणि नव्या आवृत्तीत एकच प्रोजेक्ट उघडला की माणसं किंचित वेगळी दिसतात आणि लोक डोकं धरून बसतात.

१६:९ ला तसंच, १०२४ ऐवजी १०५० च्या आसपास.

कॅसेटवाला_पाचोरा

सर, आता माझंच डोकं धरायची वेळ आली. ७६८ की ७८८?

धुळे_मिक्सिंग

इंजिनिअर साहेबांचं गणित बरोबर आहे, नाकारत नाही. पण ते गणित ॲनालॉग सिग्नलचं. घरगुती डीव्ही कॅमेरे सगळेच ते काटेकोर पाळत होते असं धरून चालू नका, काहींचं चित्र पूर्ण ७२० वर पसरलेलं असतं. आणि दोन्हींतला फरक अडीच टक्क्यांचा. उदबत्तीपुढे हा वाद कापराचा!

शंका असेल तर कॅसेटमध्ये गोल वस्तू शोधा. खान्देशातल्या लग्नाची कॅसेट आहे, बँड असणारच. बँडवाल्याचा मोठा ढोल, ज्याच्या कातड्यावर बँडचं नाव आणि गाव रंगवलेलं असतं, तो कॅमेऱ्याकडे सरळ तोंड करून उभा असेल अशी फ्रेम काढा. न बदललेल्या फ्रेममध्ये ढोलाची रुंदी आणि उंची मोजा. उंची भागिले रुंदी, हीच तुमच्या कॅमेऱ्याच्या पिक्सेलची रुंदी.

हळदीची परात घेऊ नका. ती जमिनीवर असते, वरून तिरकी दिसते, कधीच गोल येणार नाही. भिंतीवरचं घड्याळ चालेल, पण कॅमेरा समोर असेल तरच. फ्रेमच्या कडेची वस्तूही नको, वाइड लेन्स कडेला ताणते.

पुण्यात_अडकलेला_खान्देशी

ढोल वाजवायला असतो असं आजवर वाटत होतं.

कॅसेटवाला_पाचोरा

ढोल सापडला! वरातीत, मारुतीच्या पारासमोर, बरोबर मध्यभागी. कडा धुरकट आहेत त्यामुळे एक-दोन पिक्सेल इकडेतिकडे. रुंदी २०९ ते २१०, उंची २२७. भागाकार १.०८ ते १.०९. म्हणजे ना ७६८, ना ७८८, दोन्हींच्या मध्ये?

जळगावचा_इंजिनिअर

तुमच्या मोजमापातली चूकच तेवढी आहे. बँडवाला थोडा जरी वळलेला असला तर रुंदी कमी मोजली जाते आणि आकडा वर सरकतो. त्यामुळे ७६८ घेतलंत तरी मी भांडणार नाही. चेहऱ्याच्या फोटोत अडीच टक्के कुणाला दिसत नाहीत, ६ टक्के घरच्यांना दिसतात, तुमच्या वडिलांना दिसलेच. लांबून ओळखणाऱ्याला कदाचित तेही नाही.

मोजमाप लागतं ते एकाच अल्बममध्ये दोन कॅमेऱ्यांच्या फ्रेम शेजारी लावताना. तिथे दोघींना एकच नियम लावा, एक ७८८ ने आणि दुसरी १०२४ ने असं नको.

चोपडा_फोटो

मी स्टुडिओच्या बाजूने दोन शब्द. आम्ही सगळे ओढतोच असं नाही हो! पण एक गोष्ट खरी आहे आणि ती आमच्या धंद्यातल्या जुन्या लोकांना नडते.

फोटोशॉपात फ्री ट्रान्सफॉर्म करताना शिफ्ट दाबला की प्रमाण कायम राहतं, हे आमच्या बोटांत बसलेलं. २०१८ च्या शेवटी सीसी २०१९ आलं आणि उलट झालं. आता न दाबता ओढलं तर प्रमाण राहतं, शिफ्ट दाबला की मोडतं. बोटं आपोआप शिफ्टवर जातात आणि चौकातल्या बॅनरवर एक-दोन टक्के जाड किंवा बारीक झालेली माणसं लागतात. प्रेफरन्सेसमध्ये जनरल खाली लेगसी फ्री ट्रान्सफॉर्मची खूण आहे, ती लावली की जुनं वागणं परत येतं.

दुसरा सापळा. फोटोशॉपात पाल डीव्हीचा प्रीसेट घेऊन नवी फाइल उघडली आणि त्यात फ्रेम चिकटवली, तर व्ह्यू मेन्यूतलं पिक्सेल आस्पेक्ट रेशो करेक्शन आपोआप चालू असतं. पडद्यावर चेहरा झकास दिसतो. पण ते फक्त दाखवणं आहे, फाइलमध्ये पिक्सेल तेच ७२०. ती फाइल लॅबला गेली की प्रिंट परत उभट. पडद्यावर बरोबर दिसलं म्हणून विश्वास ठेवू नका, इमेज साइज उघडून ७६८ आहे का ते बघा.

आणि १२ बाय १८ हे २:३ आहे, तुमची फ्रेम ४:३. कुठल्याही स्टुडिओला "पूर्ण भरा" म्हणू नका. कापायला सांगा, किंवा बाजूला मोकळा माउंट सोडायला सांगा.

कॅसेटवाला_पाचोरा

केवढा मोठा होईल मग? मला ओसरीच्या भिंतीवर दिसेल असा हवाय.

चोपडा_फोटो

५७६ ओळी आहेत. ४ इंच उंचीवर छापल्या तर इंचाला १४४ पिक्सेल पडतात, म्हणजे ४ बाय ६ च्या कागदावर चित्र बरं येईल. १२ इंच उंचीवर इंचाला ४८ च, जवळून ठिपके. त्यात तुम्ही आजीचा चेहरा कापून घेणार, म्हणजे आणखी कमी. माझं ऐकाल तर ५ बाय ७ चा प्रिंट, चारी बाजूंनी रुंद पांढरा माउंट, आणि १२ बाय १८ ची फ्रेम. भिंतीवर फ्रेम मोठी दिसते आणि चेहरा फाटत नाही.

रावेरची_लेक

एआयने मोठा करता येईल ना? हल्ली चेहरा एकदम स्वच्छ करून देतात.

धुळे_मिक्सिंग

ताई, ते स्वच्छ करत नाहीत, नवीन काढतात. सुरकुत्या जातात, हनुवटीवरचं गोंदण तर हमखास जातं, डाग समजून. आमच्याकडे एकांनी असा फोटो आणला होता, सून म्हणाली सासूबाई नटी दिसतात. वापरायचंच असेल तर आधी रुंदी ७६८ करा, मग वापरा. दाबलेला चेहरा दिला की ते यंत्र त्याला खराच समजून बारीक चेहऱ्यावर नाक-डोळे बसवतं, मग नंतर ताणून काही उपयोग नाही. आणि मूळ फ्रेम शेजारी ठेवूनच निर्णय घ्या.

त्यापेक्षा एक जुनी युक्ती सांगतो. आजी स्थिर बसलेली असेल आणि कॅमेरा ट्रायपॉडवर असेल, तर लागोपाठच्या चार फ्रेम घ्या, एकावर एक ठेवा आणि त्यांची सरासरी काढा. फोटोशॉपात चारही लेअर एका स्मार्ट ऑब्जेक्टमध्ये घेऊन स्टॅक मोडमध्ये मीन. कॅमेऱ्याची मुंगीसारखी खरखर साधारण निम्मी होते, आणि चेहऱ्यातलं काहीच बनावट नसतं. स्थिर असेल तर डीइंटरलेसही लागत नाही, दोन्ही फील्ड वापरता येतात, सगळ्या ५७६ ओळी मिळतात. ओठ हलत असले तर मात्र नको, गाणं म्हणताहेत म्हणालात ना.

जळगावचा_इंजिनिअर

एक राहिलं. फोटो तिरका असेल आणि सरळ करायचा असेल तर रुंदी ७६८ केल्यावरच फिरवा. आधी फिरवून मग ताणलं तर चौकटीचा काटकोन राहत नाही, दाराची चौकट तिरपी समांतरभुज होते. चेहराही एका बाजूला झुकल्यासारखा येतो आणि कारण सापडत नाही. गोल विग्नेट, गोल ब्रश, ब्लर यांचंही तसंच, आधी लावलेला गोल नंतर लंबगोल.

भुसावळ_व्हीसीडी

आमच्याकडे मूळ कॅसेट नाहीच, शूटिंगवाल्याने व्हीसीडी दिली होती आणि कॅसेटवर पुढचं लग्न उतरवलं. त्यातली फ्रेम ३५२ बाय २८८ येते. तिलाही हाच नियम का?

धुळे_मिक्सिंग

हो. ३८४ बाय २८८ करा. व्हीसीडीत इंटरलेसची भानगड नाही, दाते दिसणार नाहीत. पण तपशीलही चौथाई, त्यामुळे पासपोर्टपेक्षा फार मोठा करू नका. घरात कुठे डीव्हीडी दडलेली असेल तर आधी ती शोधा, तिच्यात बहुतेक वेळा ७२० बाय ५७६ मिळतं.

आणि २००६-०७ नंतरची एचडीव्ही (एचडी चित्राची) कॅसेट कुणाकडे असेल तर फ्रेम १४४० बाय १०८० येईल. तीही दाबलेलीच. १९२० बाय १०८० करायची.

कॅसेटवाला_पाचोरा

रुंदी ७६८ केली, डीइंटरलेस करून. वडिलांना दाखवली, काही बोलले नाहीत, नुसता फोन हातात धरून बसले. ५ बाय ७ आणि माउंट, ठरलं. चोपडा_फोटो, तुम्हाला मेसेज केलाय.

पुण्यात_अडकलेला_खान्देशी

माले बी आते समजनं. मामाच्या लग्नाच्या सगळ्या फोटोत मामा बारीक होता, आम्ही म्हणायचो लग्नानंतर सुटला.

नंदुरबारचा_नाना

धागा चांगला चाललाय म्हणून उलटा प्रश्न टाकतो. मी अशा फ्रेम काढून, त्यांचा स्लाइड शो करून, कानबाईच्या आणि लग्नाच्या व्हिडिओत घालतो. दुरुस्त केलेला फोटो प्रीमियर या एडिटिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये घेतला की काही फोटो परत जाड होतात, काही होत नाहीत. सगळे मीच दुरुस्त केलेले.

धुळे_मिक्सिंग

नाना, जाड होणाऱ्या फोटोंचा आकार बघा. ७२० बाय ५७६ असणार. तुम्ही ७६८ करून मग क्रॉप करताना नेमका तो आकार कापला असेल. प्रीमियर आकार बघून अंदाज बांधतो: ७२० बाय ५७६ दिसला की तो पाल डीव्ही समजून पिक्सेल रुंद करतो. ७६८ बाय ५७६ ला चौकोनी समजतो. क्लिपवर राइट क्लिक, मॉडिफायमध्ये इंटरप्रेट फुटेज, तिथे स्क्वेअर पिक्सेल निवडा. किंवा कापताना तो आकारच टाळा.

१९२० बाय १०८० च्या प्रोजेक्टमध्ये ७६८ चा फोटो १८७.५ टक्के करा. उंची १०८० भरते, रुंदी १४४०, दोन्ही बाजूंना २४० पिक्सेल काळे उरतात. ते काळे पट्टे राहू द्या, किंवा तोच फोटो मागे धूसर करून लावा. पट्टे घालवायला आडवं ताणणारे पुष्कळ आहेत, त्यांच्या व्हिडिओत नवरदेव वरातीतच दोन पोरांचा बाप दिसतो.

नंदुरबारचा_नाना

सापडलं, तेच होतं. आता शेवटचं. लॉनवर एलईडी स्क्रीनची भिंत लावतात, १२ बाय ८ फुटांची. तिथे माझा बरोबर केलेला व्हिडिओ परत उभट दिसतो.

जळगावचा_इंजिनिअर

१२ बाय ८ म्हणजे ३:२, तुमचा व्हिडिओ १६:९. ऑपरेटर पूर्ण भिंत भरतो, म्हणजे रुंदी सुमारे १६ टक्के दाबली जाते. त्याला स्क्रीनच्या प्रोसेसरवर प्रमाण कायम ठेवून बसवायला सांगा, वर-खाली पट्टी राहील.

नंदुरबारचा_नाना

तो म्हणतो पट्टी राहिली की लोक म्हणतात स्क्रीन खराब आहे.

धुळे_मिक्सिंग

मग भिंतीचा आकार आदल्या दिवशी विचारून घ्या आणि एक्स्पोर्टच १६२० बाय १०८० चा करा. सारखंच ३:२. त्याला भरू द्या कितीही. फक्त १६:९ चं शूटिंग त्यात घेताना बाजू कापल्या जातील, तेव्हा कडेला उभ्या असलेल्या आत्याबाई जाणार नाहीत एवढं बघा, नाहीतर पेमेंट अडकतं.